मारधाडीचा गेम मुलाकडून कायमचा काढून घ्यावा का? – मदत हवी आहे

गोदाकाठची : माझा मुलगा मोबाइलवर गोळीबाराचा गेम खेळतो आणि गेल्या दोन महिन्यांत त्याचा स्वभाव पार बदलला आहे. सासूबाईंच्या मते अशी मुले पुढे गुन्हेगार होतात, तर यजमान म्हणतात की काही होत नाही. मला एवढेच सांगा, की अशा खेळांनी मुले हिंसक होतात की नाही? उत्तर ‘होतात’ असे असेल तर आज रात्रीच गेम काढून टाकणार आहे. कृपया उपदेश नको.

शेवटचा बाक : मुलाचे वय, गेमचे नाव आणि स्वभाव बदलला म्हणजे नेमके काय झाले, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. सहा वर्षांचे मूल आणि सतरा वर्षांचा मुलगा यांना एकच उत्तर कसे देणार?

निवृत्त मास्तर : वय कोणतेही असो, काढून टाका. बत्तीस वर्षे शिकवल्यानंतर मी हे सांगतो आहे. राजकोटच्या पोलिसांनी मार्च २०१९ मध्ये पबजी या गोळीबाराच्या गेमवर बंदी घातली, पुढच्या वर्षी केंद्र सरकारनेही घातली, ती काय उगाच? मुलाला मल्लखांबाला घाला. ज्याचे तळहात सोलवटले आहेत, त्याला रात्री बोटे चालवण्याची हौस उरत नाही.

अर्धा चहा : मास्तर, आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करत आहात. केंद्राने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ अ‍ॅप रोखली, ती देशाची सुरक्षा आणि वापरकर्त्यांची माहिती या कारणांवरून. खेळातल्या हिंसेचा त्या निर्णयाशी संबंध नव्हता. मूळ प्रश्नाबद्दल सांगायचे तर ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ प्रझिबिल्स्की यांनी सहकारी संशोधिकेसह २०१९ मध्ये ब्रिटनमधील चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे १००० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळ किती हिंसक आहे हे मुलांच्या सांगण्यावर न सोडता त्यांनी खेळाच्या अधिकृत वयोमानांकनावरून (तो कोणत्या वयासाठी योग्य, या शिक्क्यावरून) ठरवले आणि मुलांच्या वागण्याविषयी त्यांच्या पालकांना विचारले. हिंसक खेळ आणि आक्रमक वागणे यांच्यात त्यांना संबंध आढळला नाही.

निवृत्त मास्तर : एका अभ्यासावर उड्या मारू नका. अमेरिकी मानसशास्त्रीय संघटनेने २०१५ च्या ठरावात याच्या नेमके उलट सांगितले होते.

अर्धा चहा : त्याच संघटनेने २०२० मध्ये तो ठराव सुधारला आणि प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर या खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही, असे स्पष्ट केले. ओरडणे, ढकलणे यांसारख्या वागण्याशी अल्पसा संबंध मात्र दिसतो, असेही त्याच ठरावात आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. शिवाय प्रयोगशाळेत ‘आक्रमकता’ मोजतात ती अनेकदा समोरच्याला किती तिखट सॉस खायला देता यावरून. त्या मापाने आमची कोल्हापूरची मावशी तुरुंगातच हवी.

निवृत्त मास्तर : ओरडणे आणि ढकलणे! आईला घरात त्रास होतो तो त्याचाच. मुलगा खून करेल का, असे तिने विचारलेलेच नाही.

कोपऱ्यातला : पण ऑगस्ट २०२५ च्या नव्या कायद्याने ऑनलाइन गेम बंदच झाले ना? माझ्या मेहुण्याचे रमीचे अ‍ॅप तेव्हापासून चालत नाही.

शेवटचा बाक : तो कायदा पैसे लावून खेळण्याच्या खेळांवर आहे. इथे रमीचा विषय नाही.

गोदाकाठची : वय लिहायचे राहिले. तेरा पूर्ण, आठवीत आहे. गेम बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतासाठीचा अवतार. जेवायला हाक मारली की अंगावर ओरडतो, आणि परवा सासूबाईंनी मध्येच वायफायचे बटण बंद केले तेव्हा त्याने हेडफोन भिंतीवर आपटला. माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही.

चौथा गडी : ताई, मी एकवीस वर्षांचा आहे आणि हा खेळ नियमित खेळतो, त्यामुळे आतली गोष्ट सांगतो. मोठ्या नकाशावरचा सामना शंभर जणांचा असतो, तो अर्ध्या तासापर्यंत चालतो आणि मध्येच थांबवता येत नाही. चौघांच्या संघातला एक जण उठला तर उरलेले तिघे अडचणीत येतात आणि नंतर त्याला बोलणी खावी लागतात. शेवटच्या वर्तुळात पाच जण उरलेले असताना कोणी वायफाय बंद केले, तर हेडफोन मीही आपटला असता. म्हणून जेवणाची वेळ सामना सुरू होण्यापूर्वी सांगावी. वेळ कमी असेल तर लिविक नावाच्या लहान नकाशावर खेळायला सांगावे, तो सामना पंधरा मिनिटांत आटोपतो. दुसरे असे, की २०२३ मध्ये हा गेम बंदीनंतर परत आला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि मोठ्यांना सहा तास अशी मर्यादा घातलेली होती. आपला मुलगा किती वेळ खेळतो?

निवृत्त मास्तर : म्हणजे आता भाकरी कधी वाढायची हे खेळाला विचारून ठरवायचे?

पाणपोई : मी शाळेत समुपदेशक आहे. खेळ कोणता यापेक्षा तो रात्री किती वाजता झोपतो, हे मी आधी विचारेन. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ समाविष्ट केला आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्या व्याख्येत खेळ हिंसक आहे की नाही याचा उल्लेखच नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सर्व गोष्टी मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, हे साधारणपणे बारा महिने चालले तर तसे निदान करतात. दोन महिन्यांच्या आरडाओरड्यावरून कोणताही शिक्का मारू नये. तरीही काळजी वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तर २०१४ पासून यासाठीच स्वतंत्र क्लिनिक आहे.

कोपऱ्यातला : हेडफोन फुटला असल्यास तारेचा घ्यावा. ब्लूटूथवर पावलांचा आवाज उशिरा येतो.

गोदाकाठची : हेडफोनचे मी विचारलेले नाही. झोपेबद्दल मात्र चौकशी केली. शाळेच्या दिवशीही एक वाजतो आणि सकाळी सहाला उठावे लागते. रविवारी तो पाच तास खेळला होता, त्यामुळे तीन तासांच्या मर्यादेचे काय झाले हे पाहायला खाते उघडून बघितले. त्यात वय अठरा पूर्ण असे नोंदवलेले आहे आणि ते यजमानांनीच नोंदवून दिले होते. रात्री अकरानंतर संघातला दुसरा गडी कोण असतो, हेही आज समजले. ‘काही होत नाही’ हे मत कुठून आले, याचा उलगडा झाला. गेम आज काढलेला नाही. दहा वाजता दोघांचेही मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लागतील.

चौथा गडी : साडेनऊनंतर मोठा सामना सुरू करू देऊ नका, इतकेच.

निवृत्त मास्तर : आणि मल्लखांबाचे काय ठरले?