मदत हवी आहे: कॅल्प्रोटेक्टिन 168, कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू का?

चकवा: रिपोर्ट आत्ताच आलाय. कॅल्प्रोटेक्टिन 168, शेजारी ठळक अक्षरात 'हाय'. नेटवर बघितलं तर 'कॅल्शियम धरून ठेवणारं प्रथिन'. मी दोन महिने कॅल्शियमच्या गोळ्या घेतोय. बंद करू का? डॉक्टर सोमवारशिवाय भेटणार नाहीत. प्लीज लवकर सांगा.

निवांत_नाना: रक्ताची तपासणी की स्टूलची? एकक काय? कशासाठी करायला सांगितली?

चकवा: स्टूलचीच हो, पोट बिघडलंय म्हणून! मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम लिहिलंय.

रानवारा: कॅल्शियम वाढलं की पॅराथायरॉइड (कॅल्शियमवर ताबा ठेवणाऱ्या मानेतल्या ग्रंथी) बघून घ्यायचं. माझ्या काकूंचं तेच निघालं. ड जीवनसत्त्वही तपासा.

सूक्ष्मदर्शी: रानवारा, इथे कॅल्शियम कुणाचंच वाढलेलं नाही. हे प्रथिन न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींतलं, त्यांच्या पेशीद्रवातल्या प्रथिनांपैकी जवळपास निम्मं हेच. एस100ए8 आणि एस100ए9 या दोन प्रथिनांची ही जोडी असते. कॅल्शियम चिकटलं की तिची जस्त-मँगनीजवरची पकड घट्ट होते, आणि जंतू त्या धातूंवाचून उपाशी राहतात. आतड्याला सूज आली की न्यूट्रोफिल तिकडे धावतात, मग हे स्टूलमध्ये उतरतं. तुमच्या गोळ्यांमुळे हा आकडा वाढत नाही.

अनुभवी_पेशंट: एवढं व्याख्यान कशाला? सरळ कोलोनोस्कोपी करून टाका. माझं 1100 होतं, क्रोन्स (आतड्याच्या जुनाट सुजेचा आजार) निघाला. टाळाटाळ केली आणि वर्ष गेलं.

सूक्ष्मदर्शी: 1100 आणि 168 एकाच तागडीत? बऱ्याच लॅब 50 पर्यंत नॉर्मल धरतात. 168 म्हणजे अधलंमधलं, बरेचदा पुन्हा तपासतात. सूज आहे एवढंच कळतं, कशाने ते नाही.

अनुभवी_पेशंट: मलाही 'थांबून बघू'च म्हणाले होते. चालू द्या तुमचं.

कुतूहल: अवांतर: एस100 म्हणजे अशी शंभर प्रथिनं आहेत का?

सूक्ष्मदर्शी: नाही हो. अमोनियम सल्फेटच्या 100 टक्के संपृक्त द्रावणातही विरघळलेलं राहतं, म्हणून 100. एस म्हणजे सोल्युबल.

निवांत_नाना: चकवा, इतर काही औषधं? वेदनाशामक वगैरे?

चकवा: गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, बारा-तेरा दिवस झाले. गुडघ्याचा आणि पोटाचा काय संबंध?

निवांत_नाना: अहो, हे पहिल्याच पोस्टीत लिहायचं! त्या गोळ्यांनी आतड्याचं अस्तर दुखावतं आणि हा आकडा चढतो. पोटाचा संसर्ग झाला तरी चढतो. डॉक्टरांना तारखेसकट सांगा, गोळी थांबवून पुन्हा तपासायचं का ते तेच ठरवतील. स्टूलमध्ये रक्त, ताप, वजन घटणं असलं काही आहे का? असेल तर सोमवारची वाट बघू नका.

चकवा: तसलं काही नाही. पण कॅल्शियमचं काय? हो की नाही, एवढंच सांगा ना कुणीतरी!

सूक्ष्मदर्शी: माझ्या पहिल्या उत्तरातली शेवटची ओळ.

रानवारा: तरी पॅराथायरॉइड बघाच एकदा.