संकटांनी विश्वास वाढतो म्हणतात, माझा तर आटत चाललाय

वाटसरू:
जय ख्रिस्त सगळ्यांना. इथे बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज विचारतोच. घरात एकामागून एक चाललंय, आधी आईचं आजारपण, मग माझी नोकरी गेली, आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कोणीही भेटलं की एकच, देव तुझी परीक्षा घेतोय, विश्वास वाढेल, आनंद मान, बायबलमधलं याकोब १:२ वाच. वाचलं हो. पण वाढ वगैरे काही दिसत नाहीये, प्रार्थनेला बसलो की शब्द फुटत नाहीत, कधी कधी तर देवाचा रागच येतो. ज्यांची वाढ झाली त्यांना ती होत असताना कळते का? की माझ्यातच काही कमी आहे?

जैतुनाची_फांदी:
भाऊ, ते वचन लोक अर्धंच सांगतात. पुढे वाचा ना, परीक्षेतून धीर तयार होतो आणि त्या धीराला त्याचं काम पुरं करू द्या असं आहे, म्हणजे वेळ लागणार हे त्यातच आलं. आणि लगेच पाचव्या वचनात म्हणतो की ज्याला ज्ञान कमी पडतं त्याने देवाकडे मागावं, तो दोष न लावता देतो. म्हणजे "देवा मला काहीच कळत नाहीये" एवढं म्हटलं तरी प्रार्थना झाली. रोमकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात प्रेषित पौलही तसंच सांगतो, आधी संकट, मग धीर, मग शील, आणि आशा सगळ्यात शेवटी. तुम्ही पहिल्याच पायरीवर आशा शोधताय, ती तिथे नसतेच.

जुना_विश्वासी:
माझं मत जरा वेगळं, राग मानू नका. इब्री लोकांस पत्राच्या १२व्या अध्यायात स्पष्ट आहे की ज्याच्यावर देव प्रीती करतो त्याला तो शिस्त लावतो. आजकाल शिस्त म्हटलं की कोणाला आवडत नाही. या काळात आपण स्वतःला तपासलंच पाहिजे.

अंजिराखाली:
@जुना_विश्वासी काका, इब्री १२ खरंच आहे, पण ते पत्र कोणाला लिहिलंय तेही बघा, दहाव्या अध्यायात आहे, विश्वासामुळे ज्यांची जाहीर निंदा झाली, मालमत्ता लुटली गेली अशी माणसं ती. ते उचलून कोणाच्या आईच्या आजारपणाला लावायचं म्हणजे संकटात सापडलेल्या ईयोबालाच दोष देणाऱ्या त्याच्या मित्रांचंच काम झालं. ते मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर ठीक होते, बोलायला लागले आणि घोटाळा झाला! शेवटी ईयोब ४२:७ मध्ये देव त्यांच्यावरच संतापतो, म्हणतो माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब. आता ईयोब काय बोलला होता ते वाचा, जन्मदिवसाला शाप, देवाशी वाद, सगळं आहे त्यात. आणि योहान ९ मध्ये जन्मापासून आंधळ्या माणसाला बघून शिष्य विचारतात पाप कोणाचं, याचं की आईबापाचं, तर येशू म्हणतो दोघांचंही नाही.

@वाटसरू राग येतो म्हणजे अजून तुमचं त्याच्याशी बोलणं चालू आहे, मला तरी असंच वाटतं. स्तोत्र ८८ वाचा. बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत शेवटाला कुठेतरी उजेड येतो, यात नाही, संपतंच अंधारात. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. शब्द नसतील तेव्हा तेच मोठ्याने वाचायचं.

जुना_विश्वासी:
मी त्यांच्या आईबद्दल तसं म्हणालो नाही, तपासणं म्हणजे दोष काढणं नव्हे. पण मुद्दा घेतला.

कृपा_पुरे:
वाढ होताना कळते का हा प्रश्न राहूनच गेला. माझ्या मते नाही कळत. लूक २२ मध्ये येशू आपल्या शिष्याला, पेत्राला सांगतो की सैतानाने तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागितलंय. मग तो काय प्रार्थना करतो बघा, चाळणी थांबव अशी नाही, तुझा विश्वास ढळू नये अशी, आणि तू परत वळलास की भावांना स्थिर कर. त्याच रात्री पेत्र येशूला तीनदा नाकारतो आणि बाहेर जाऊन रडतो. त्या क्षणी त्याला कोणी विचारलं असतं की बाबा तुझी आध्यात्मिक वाढ कशी चाललीय, तर काय सांगणार होता तो? पुढे विश्वास अग्नीत पारखला जातो, सोन्याहून मोलवान ठरतो हे त्याच्याच पत्रात आहे. अनुभवाने लिहिलंय.

पौलाचंही तसंच. देहातला काटा, म्हणजे कसलासा त्रास, काढ म्हणून देवाला तीनदा विनंती केली, काटा गेला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर. आणि गंमत म्हणजे त्याच काट्याला तो सैतानाचा दूतही म्हणतो आणि आपण गर्वाने फुगू नये म्हणून दिलेलाही म्हणतो, एकाच वाक्यात. त्यामुळे संकट देवानेच पाठवलं का याचा निकाल आज लावायलाच हवा असं नाही. मला फरक कशात दिसला सांगू, दुसऱ्याच्या घरी आजारपण असलं की मी आता वचनं पाठवत नाही, जाऊन बसते. त्याला वाढ म्हणायचं का माहीत नाही.

वाटसरू:
सगळ्यांचे आभार, काका तुमचेही. स्तोत्र ८८ आत्ता वाचलं, आईलाही वाचून दाखवलं, ती म्हणाली हे कोणी लिहिलंय, बरोबर लिहिलंय. एक विचारायचं होतं, रविवारी मंडळीत साक्ष द्यायला सांगितलंय, यातून कसं बाहेर पडलो ते सांग म्हणतात. अजून बाहेर पडलोच नाही तर काय सांगू?

अंजिराखाली:
तेच सांगा. आणि नंतर स्तोत्र ८८ वाचून खाली बसा.

जैतुनाची_फांदी:
किंवा सरळ नाही म्हणा, पाळकांना आधीच सांगून ठेवा म्हणजे ऐनवेळी नाव पुकारणार नाहीत. आईंचं नाव प्रार्थनेत घेतेय.