मदत हवी आहे: शेतात सापडलेले वितळलेल्या धातूचे हिरवे गोळे कशाचे असावेत?

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडमध्ये एसेक्सला राहतो. मालकाची लेखी परवानगी घेऊन दीड वर्षापासून एका नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवतोय. नाणी, बटणं आता ओळखता येतात. पण दर खेपेला दोन-चार बेढब गोळेही निघतात, ना आकार ना शिक्का. कधीतरी धातूचा रस सांडला आणि थिजला, एवढंच कळतं.

मी घनता मोजून बघतो. वजनकाट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणायचा, गोळा दोऱ्याने बांधून तळाला न टेकवता बुडवायचा. जितके ग्रॅम वाढतील तितके मिलिलिटर त्याचं आकारमान. पांढुरका गोळा २१४ ग्रॅम, आकारमान १९, म्हणजे ११.३: शिसं. कागदावर करडी रेघही उमटते. शिसं ३२७ अंशांनाच वितळतं, त्यामुळे बंदुकीच्या गोळ्या ओतताना सांडलेलं असेल. हलका चंदेरी तुकडा २.७ भरला, ते अ‍ॅल्युमिनियम. शेकोटीत पडलेला एखादा कॅन.

अडलंय ते हिरव्या तुकड्यांपाशी. बांधालगत दहा पावलांत चार मिळाले. सगळ्यात मोठा ९७ ग्रॅम, आकारमान ११, म्हणजे ८.८. चुंबकाला चिकटत नाही. एक बाजू फुगीर, दुसरीकडे तुटलेली कड आणि आत जाळीसारखी बारीक भोकं. एका भोकात कोळशाचा कण अडकलाय. तांब्याच्या घराण्यातला आहे हे नक्की, पण तांबं, कासं, पितळ यांच्या घनता इतक्या जवळ आहेत की घरातल्या काट्याने निवाडा होत नाही.

एसेक्समध्ये कांस्ययुगाच्या अखेरीचे, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे साठे निघालेत. त्यांत मोडक्या कुऱ्हाडींबरोबर तांब्याच्या लगडींचे तुकडे असतात. फुगीर पाठ बघून मला तेच वाटतंय. पण जळालेल्या गोठ्यातलं पितळी सामानही असंच वितळून पडलेलं असू शकतं. इथल्या कायद्याने प्रागैतिहासिक धातूच्या दोन वस्तू जरी एकत्र मिळाल्या तरी तो 'ट्रेझर' म्हणजे कायद्याने नोंदवायचा ठेवा ठरतो आणि लक्षात आल्यापासून १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. म्हणून खोदणं लगेच थांबवलं, जागा नकाशावर टिपली आणि काउंटीच्या पुरावस्तू अधिकाऱ्यांना कळवलं. ते पुढच्या आठवड्यात भेटतील.

आई फोनवर म्हणाली, चिंच लावून घास, लख्ख होईल. तिला समजावलं की तो हिरवा थरच जपायचा आहे. माती सुद्धा धुतलेली नाही.

ओतकामातले, धातुशास्त्रातले किंवा पुण्याच्या तांबट आळीत जाणं-येणं असलेले कुणी इथे असतील तर सांगा: मुशीतून ओतून निवलेली लगड आणि आगीत वितळून सांडलेला धातू, यांच्या तुटलेल्या कडेत फरक दिसतो का? भोकं कुठल्या बाजूला जास्त असतात? आणि तो कोळसा कार्बन-१४ चाचणीला (वय काढायला) उपयोगी पडेल, तर तुकडा तोवर कशात ठेवू? सध्या कागदी पुडीत ठेवलाय.