अ‍ॅरोच्या प्रमेयाचा एवढा बाऊ कशाला?

वजाबाकी: मतदानपद्धतीचा विषय निघाला की कुणीतरी अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरोला पुढे करतंच: "१९५१ सालीच सिद्ध झालंय, न्याय्य मतदान अशक्य!" असं काही सिद्ध झालेलं नाही. सिद्ध झालं ते एवढंच: पर्याय किमान तीन, पसंतीक्रम कुणाचा कसाही असो, एकमत असेल तिथे निकालही तोच, हुकूमशहा (ज्याचा क्रम तोच कायम निकाल) नको, आणि क-ख यांच्यातला निकाल तिसऱ्या पर्यायावर अवलंबून नको. हे सगळं हवं, वर निकालाचा क्रमही सुसंगत हवा, म्हटलं की गाडी अडते. माझ्या मते ही तिसऱ्या पर्यायाची अटच अवाजवी आहे. ती सोडा, बोर्दाची गुणपद्धत (पसंतीच्या क्रमानुसार गुण, मग बेरीज) चालते.

खडूस गणिती: अवाजवी? पाच मतदार घ्या. तिघांचा क्रम क-ख-ग, दोघांचा ख-ग-क. २, १, ० असे गुण द्या. क ६, ख ७, ग २. ख जिंकला. आता ग ने माघार घेतली. ग ला पहिली पसंती एकाचीही नव्हती, मत कुणीच बदललं नाही, तरी क ३-२ ने जिंकतो. डमी उमेदवार उभे करणाऱ्यांची चांदीच की!

वजाबाकी: पण ग होता म्हणूनच कळलं ना, की दोघांना क अजिबात नकोय? नुसतं बहुमत ही माहिती फेकून देतं.

खडूस गणिती: खरंच नकोय की तसं दाखवतायत? माझ्याच उदाहरणात ते तिघे खोटं बोलून क-ग-ख लिहू देत. क ६, ग ५, ख ४. झालं काम. आणि हा दोष एकट्या बोर्दाचा नाही. गिबार्ड (१९७३) आणि सॅटरथ्वेट (१९७५) यांनी दाखवलं की तीन किंवा जास्त पर्याय जिंकू शकत असतील, तर हुकूमशाही सोडून प्रत्येक पद्धतीत कधी ना कधी खोटं बोलणं फायद्याचं ठरतं.

मधली_फळी: दोघेही "क्रम कसाही असो" धरूनच भांडताय. डंकन ब्लॅकने १९४८ मध्येच वाट दाखवली होती: पर्याय एका रेषेवर असले आणि प्रत्येकाची आवड एका शिखरावरून दोन्हीकडे उतरत गेली, तर मधल्या मतदाराचा पर्याय समोरासमोरच्या लढतीत कुणाकडूनच हरत नाही.

खडूस गणिती: एकूण किती खर्चायचं, एवढ्यापुरतं ठीक. कशावर किती, हे आलं की रेषा संपली. मग काँदोर्सेचा १७८५ सालचा फेरा पुन्हा दारात: तीन मतदार, क्रम क-ख-ग, ख-ग-क, ग-क-ख. बहुमताने क ख ला हरवतो, ख ग ला आणि ग क ला. आधी क-ख लढवा, शेवटी ग जिंकतो. आधी ख-ग लढवा, शेवटी क.

वजाबाकी: म्हणजे लढतींचा क्रम लावणारा अध्यक्षच निकाल लावतो. त्यापेक्षा माझे गुण बरे. निदान कागदावर दिसतात तरी.