औद्योगिक हेंप: ०.३ टक्क्यांची रेघ शेतात तपासायची की बियाण्यात?

बीजपारखी
हेंप आणि गांजा ही एकाच वनस्पतीची रूपं. कायदा त्यांना वेगळं करतो ते टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाच्या प्रमाणावरून. अमेरिकेत २०१८ पासून कोरड्या वजनाच्या ०.३ टक्के ही मर्यादा आहे. तिथे कापणीआधीच्या ३० दिवसांत नमुने घेतात. मर्यादा ओलांडली की पीक नष्ट करायचं, नाहीतर फुलोरा काढून बाकीचं वाचवायचं. वर्षभराची मेहनत एका अहवालावर! टीएचसी किती येणार हे मुख्यतः वाण ठरवतो, मग तपासणी बियाण्यापाशीच व्हावी. युरोपीय संघात अनुदानासाठी नोंदणीकृत वाणाचं प्रमाणित बियाणंच लागतं. शिवाय ०.३ हा आकडा नशेचं मोजमाप नाहीच. १९७६ मध्ये स्मॉल आणि क्रॉनक्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी, पानांमधल्या प्रमाणावरून ती रेघ आखली. आज ती फुलोऱ्याला लावतात, जिथे टीएचसी सर्वांत जास्त असतं.

काटेकोर
असहमत. पिशवीवरचं लेबल पेरणीपुरतं. घरचं बियाणं पुन्हा पेरलं किंवा शेजारच्या रानातले पराग वाऱ्याने आले, की पुढच्या पिढीत वाणाची शुद्धता गेलीच. सीबीडी या नशा न आणणाऱ्या घटकासाठी छाटकलमं लावतात, त्यांना कुठलं बियाण्याचं लेबल? अंतर सोडून लावलेली नुसती मादी झाडं गांजाच्या पिकासारखीच दिसतात आणि वासही तोच. माल रस्त्यात अडवला तर शेतकऱ्याला वाचवतो तो प्रयोगशाळेचा कागदच. तपासणीही एकूण टीएचसीचीच हवी: टीएचसी अधिक ०.८७७ गुणिले टीएचसीए, म्हणजे टीएचसीचं आम्लरूप. ताज्या फुलात बहुतेक टीएचसी आम्लरूपात असतं आणि तापवल्यावर मोकळं होतं. नुसतं मोकळं टीएचसी मोजलं तर खरा गांजासुद्धा पास होईल.

वाखवाला
तुम्ही दोघं धागा, बियाणं आणि सीबीडी या तीन पिकांना एकच समजताय. धाग्याचं पीक दाट पेरतात आणि नर फुलं पराग सोडू लागली की, बी धरायच्या आत कापतात. त्याला प्रत्येक तुकड्यामागे नमुन्याचा खर्च लावणं अन्याय आहे. बियाण्याच्या पिकाच्या तपासणीचंही जवळपास तसंच. खरी अडचण सीबीडीवाल्यांची. सीबीडी बनवणारं विकर (एन्झाइम) थोडं टीएचसीही बनवतं, साधारण २५ ला १. म्हणून सीबीडी साडेसात टक्क्यांपर्यंत चढलं की एकूण टीएचसी ०.३ ला टेकतं. तिथे फुलोरा सुरू झाल्यापासून दर आठवड्याला नमुना पाहून कापणीचा दिवस ठरवायला हवा. उशीर झाला की पीक हातचं गेलं.

बीजपारखी
हा फरक मान्य, पण मग तो नियमातच लिहा. भारतात अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम १४ खाली धागा किंवा बियाण्यासाठी लागवडीची परवानगी देता येते, उत्तराखंडने २०१८ मध्ये परवाना दिलाही. पण त्याच कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत टीएचसीची मर्यादाच नाही. फुलोऱ्याचा शेंडा म्हणजे गांजा. परवानाधारकाने कापणीत उरलेले शेंडे कुठे ठेवायचे?

काटेकोर
शेंड्यांची अडचण खरी आहे. त्यांची विल्हेवाट परवान्यातच लिहिलेली हवी: कुणाच्या समक्ष, किती दिवसांत, जाळायचे की नांगरून मातीत गाडायचे. पण म्हणून तपासणी सोडू नका, ती नीट करा. नमुना मुख्य शेंड्याच्या वरच्या पाच ते आठ इंचांचा घ्या आणि कागदी पिशवीतच भरा. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. अहवालावर मोजमापातली अनिश्चितता छापलेली मागा. ०.३५ आलं आणि अनिश्चितता ०.०६ असेल, तर खालचं टोक ०.२९ होतं. अमेरिकी नियमात असा माल पास धरतात.