७ एमएम रेम मॅग की .३०० विन मॅग?
कोलोरॅडोत एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीसाठी ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम काडतुसाची रायफल घेऊ की .३०० विंचेस्टर मॅग्नमची असं विचारलंयत आणि वरच्या उत्तरांत सगळे गोळीच्या वेगावरच भांडतायत. अहो वेग जवळपास सारखाच आहे, १६० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) ७ एमएम सेकंदाला साधारण २९५० फूट जाते, १८० ग्रेनची .३०० पण तेवढीच, दोन्ही जुन्या .३७५ एच अँड एच काडतुसाच्याच घराण्यातल्या, एक १९६२ ची, दुसरी १९६३ ची.

खरा फरक खांद्याला कळतो. मी आधी .३०० घेतली होती, रेंजवर मित्राने मला न सांगता मधेच डमी काडतूस भरलं, घोडा दाबला तर नुसता टक आवाज आणि नळी चक्क दोन बोटं खाली! म्हणजे धक्क्याच्या भीतीने मी आधीच दचकत होतो. असं ४०० यार्डांवर झालं तर जनावर जखमी होऊन जंगलात मरत पडतं, ते मला अजिबात सहन होत नाही. म्हणून ७ एमएमवर आलो, १६० ची चांगली बाँडेड (आतलं शिसं बाहेरच्या आवरणाला पक्कं जोडलेली) गोळी एल्कच्या फुप्फुसांना पुरते.

न दचकता .३०० मारता येत असेल तर जरूर घ्या, २०० ग्रेनच्या जड गोळ्याही मिळतात. पण आधी दोन्ही उसन्या घेऊन वीस-वीस राउंड मारून बघा, रेंजवरच्या बेंचवर रायफल टेकवून नाही, जमिनीवर बसून.