काय-स्क्वेअर 134 आला, आता निष्कर्षात काय लिहू?

बीएस्सी_मृण्मयी:
प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी बेटसन, सॉन्डर्स आणि पनेट या आनुवंशिकी शास्त्रज्ञांचा स्वीट पी या फुलझाडाचा डेटा दिलाय. दुसऱ्या पिढीत जांभळं फूल-लांब पराग 284, जांभळं-गोल 21, लाल-लांब 21, लाल-गोल 55. एकूण 381. मेंडेलचं 9:3:3:1 प्रमाण धरून काय-स्क्वेअर (मोजलेले आकडे अपेक्षेपासून किती हटले याचं माप) 134.7 येतो, डीएफ (स्वातंत्र्यांश) 3, टेबलातली मर्यादा 7.815. रिजेक्ट झालं हे कळलं. पण बाई म्हणतात, "नक्की काय रिजेक्ट झालं ते लिही." नुसतं "लिंकेज" (दोन गुण जोडीने वारशात जाणं) लिहून भागेल का?

ज्वारीवाले_काका:
नाही भागणार. बाईंचा प्रश्न रास्त आहे. अगं, 9:3:3:1 मध्ये तीन गृहीतकं एका दाव्याला बांधलेली असतात: रंग 3:1, पराग 3:1, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. तुझे 3 डीएफ म्हणजे हेच तिघं. सोडव त्यांना.

रंग: जांभळी 305, लाल 76. अपेक्षित 285.75 आणि 95.25. काय-स्क्वेअर 5.19. परागाचे आकडेही नेमके तेच, म्हणून पुन्हा 5.19. उरले 124.35, ते सगळे लिंकेजचे. ताळा हवा असेल तर (284 − 3×21 − 3×21 + 9×55) चा वर्ग करून 9×381 ने भाग.

आता गंमत बघ. एका डीएफला मर्यादा 3.841, म्हणजे 5.19 सुद्धा नापास! लाल आणि गोल दोन्ही कमी भरलेत. हे लिहायचं, झाकायचं नाही. पैदाशीच्या शेतात अशी तूट नेहमी दिसते. कमजोर रोपं मोजणीपर्यंत टिकतातच असं नाही. इथे तेच झालं असं मात्र मी म्हणणार नाही.

आकडेमोड्या:
काका, 3:1 च डळमळीत असेल तर 124.35 वर तरी भिस्त कशी ठेवायची? सरळ रंग आणि पराग यांचं 2×2 टेबल करा, त्याला 3:1 लागतच नाही. 163.4 येतो, डीएफ 1.

ज्वारीवाले_काका:
मान्य, हे जास्त पक्कं. आणि मृण्मयी, चाचणी कारण सांगत नाही. 284 आणि 55, म्हणजे आजोबा-आजीकडचे दोन्ही जोड जास्त भरलेत, हे तुला दाखवावं लागेल. खुद्द बेटसननी याला "कपलिंग" म्हटलं. गुणसूत्रावरचा खुलासा पुढे मॉर्गनच्या फळमाशीतून आला.

बीएस्सी_मृण्मयी:
163.4 जुळला! मैत्रिणीने टक्के काढून केलं, तिचा 9:3:3:1 चा काय-स्क्वेअर 35.4 येतोय.

आकडेमोड्या:
टक्के घेतले की 381 झाडांची 100 झाली. मोजलेले आकडेच घ्यायला सांगा.